बाबासाहेबांना शिकवणाऱ्या जॉन ड्युईंनी थेट विद्यापीठातच लहान मुलांची शाळा का काढली होती?

बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, जॉन ड्युई हे नाव परीक्षेपुरतं का होईना, पाठ असतंच. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्यांच्या वर्गात बसले, ते हेच प्रोफेसर. पण शिक्षक कसा घडवायचा, यासाठी त्यांनी एक शाळा काढली आणि पुढे तीच शाळा त्यांना सोडावी लागली, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

ड्युईंचा जन्म १८५९ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. सुरुवातीला ऑईल सिटी नावाच्या गावात त्यांनी हायस्कूलवर मास्तरकी केली. नंतर तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली आणि १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठात विभागप्रमुख झाले.

तेव्हा शिक्षक तयार करायचा म्हणजे त्याला पाठ घ्यायच्या आणि वर्ग गप्प बसवायच्या युक्त्या शिकवायच्या, एवढंच समजलं जायचं. ड्युईंना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, मग शिक्षणशास्त्राला का नको?

म्हणून १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाचीच शाळा सुरू केली. मुलं १६ आणि शिक्षक दोन. इथे मुलं स्वयंपाक करायची, सुतारकाम करायची, विणायची. स्वयंपाकातून वजनमापं यायची, विणकामातून इतिहास. शिक्षक दर आठवड्याला एकत्र बसून काय जमलं, काय फसलं यावर बोलायचे. वरून आलेला अभ्यासक्रम राबवणारा नोकर नाही, तर स्वतः विचार करणारा शिक्षक त्यांना हवा होता. काही वर्षांत मुलं १४० च्या घरात गेली.

माशी शिंकली ती १९०३ मध्ये. दुसऱ्या एका संस्थेची शाळा ड्युईंच्या शाळेत विलीन झाली आणि मुख्याध्यापक झाल्या त्यांच्या पत्नी ॲलिस. नव्याने आलेल्या शिक्षकांना ही नेमणूक रुचली नाही. आपल्या नोकऱ्या जातील, अशी भीतीही त्यांना होती. ही नेमणूक तात्पुरतीच आहे, अशी भूमिका विद्यापीठाच्या अध्यक्षांनी घेतली. १९०४ मध्ये पतीपत्नी दोघांनी राजीनामे दिले. शिक्षकांना शाळेच्या कारभारात आवाज हवा म्हणणाऱ्या माणसाला त्याच्याच शाळेतल्या शिक्षकांची नाराजी भोवली.

पण शिकागोतलं काम वाया गेलं नाही. तिथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या शहरात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. शिक्षकांच्या मताला किंमत हवी, हा त्यांचाही आग्रह होता.

ड्युई पुढे कोलंबियात गेले. तिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते. लोकशाही ही फक्त राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांच्या लिखाणातही दिसतो. जून १९५२ मध्ये मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, पण गुरूंची भेट झाली नाही. १ जूनलाच ड्युई गेले होते.

शिकागो विद्यापीठाने पुढे आपला शिक्षणशास्त्र विभाग बंद केला. १६ मुलांची ती शाळा मात्र आजही भरते.