मूड येत नाहीये? दासोपंतांना भेटा!

परीक्षेला तीन आठवडे उरलेत. टेबलावर 'ॲटॉमिक हॅबिट्स'चा मराठी अनुवाद आहे, त्याखाली 'ईट दॅट फ्रॉग'. दोन्हींची पहिली पन्नास पानं तुम्ही हायलायटरने रंगवलीत. आणि अभ्यास? तो सोमवारपासून! हसू नका, माझंही तेच आहे. मास कॉमच्या प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण मी महिनाभर 'उद्या' लिहितेय.

दोन्ही पुस्तकं चांगलीच आहेत, जरूर वाचा. एक सांगतं, छोटी गोष्ट करा पण रोज करा. दुसरं सांगतं, सगळ्यात अवघड काम आधी उरका. फक्त ती वाचून झाल्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्टही वाचा. सव्वाचारशे वर्षांपूर्वी अंबाजोगाईत राहून त्याने हे करून दाखवलंय.

दासोपंत देशपांडे. जन्म 1551, गाव नारायणपेठ, म्हणजे आजचं तेलंगण. वडील दिगंबरपंत बीदरच्या बरीदशाहीत वतनदार होते. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की दुष्काळ पडला, शेतसारा थकला आणि वसुलीसाठी छोट्या दासोपंतांना बीदरला ओलीस ठेवलं गेलं. महिन्याभरात पैसे भरा, नाहीतर मुलगा विसरा. मुदत संपता संपता एक अनोळखी माणूस आला, सगळी रक्कम भरली आणि निघून गेला. तो दत्तच होता, अशी दासोपंतांची श्रद्धा बसली.

आपली डेडलाईन चुकली तर मार्क जातात. त्या पोराचं सगळं आयुष्यच जाणार होतं. ते परत मिळाल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्याला पडला असणारच.

दासोपंतांनी घर सोडलं. माहूरला बारा वर्षं साधना केली असं सांगतात. मग गोदाकाठचं राक्षसभुवन. हो, गेवराई तालुक्यातलं, शनीचं म्हणून आपल्याला माहीत असलेलंच. तिथून ते अंबाजोगाईला आले, आणि लिहायला बसले.

काय लिहिलं? गीतेवरची टीका, 'गीतार्णव'. गीतेत 700 श्लोक आहेत. ज्ञानेश्वरीत साधारण 9 हजार ओव्या आहेत. आणि 'गीतार्णव'च्या ओव्या सांगितल्या जातात सव्वा लाख! आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. रोज फक्त 12 ओव्या लिहिल्या, एकही दिवस खाडा केला नाही, तरी सव्वा लाखाला साडेअठ्ठावीस वर्षं लागतात. शिवाय हा एकच ग्रंथ नाही. 'पदार्णव' आहे, 'ग्रंथराज' आहे, आणखीही आहेत.

त्या काळी शाई घोटायची, बोरू तासायचा आणि मगच पहिलं अक्षर. दासोपंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आठवण सांगतात. मला ही आठवण सगळ्यात आवडते. किती ओव्या झाल्या, किती उरल्या, हा हिशोब तिच्यात नाहीच. आज शाई संपली का, एवढंच.

आणि ती पासोडी! पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून जग आणि देह कसे घडले, हा त्याचा विषय. कागद चुकला तर चुरगाळून फेकता येतो. एवढ्या कापडाचं काय करणार? चुकेल म्हणून थांबले असते तर पहिला हातभरही झाला नसता. ती पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे इन्स्टा नव्हतं. बरोबर. पण दुष्काळ होता, ओलीस राहिल्याची आठवण होती, घर सुटलेलं होतं. न लिहायला कारणं भरपूर होती. आणखी एक म्हणाल, ते संत होते, आपण कुठे! तेही मान्य. त्यांच्यामागे दत्तभक्तीचं बळ होतं, ते पुस्तकातून उचलता येत नाही. तुमचं कारण तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. घरचं कर्ज असेल, पोलीस भरती असेल, नाहीतर ऊसतोडीला गेलेले आई-बाबा असतील. पण कारण सापडलं तरी शाई रोज घोटावीच लागते. बीदरमधून सुटका एकदाच झाली, लिहायला मात्र रोज बसावं लागलं.

1615 मध्ये अंबाजोगाईतच दासोपंत गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला जाल तेव्हा तिकडेही डोकावून या.

पण ते रविवारी. आज फक्त 12 ओळी लिहा. नोट्सच्या, जर्नलच्या, अर्जाच्या, कशाच्याही. हा लेख संपादकांना दिला की मीही प्रोजेक्टच्या 12 ओळी लिहायला बसतेय. आजच.