नवरा-बायकोने ७ फूट रुंद बोटीत संसार थाटला, आणि त्यातून इंग्लंडचे कालवे वाचले

आपल्या रेल्वेचे जुने निळे डबे आठवतायत? साधारण ७० फूट लांब असायचे. आता असाच एक डबा घ्या आणि त्याची रुंदी फक्त ७ फूट ठेवा. त्यात स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर, पुस्तकांची कपाटं आणि मागच्या टोकाला एक इंजिन बसवा. मग तो डबा पाण्यात सोडा.

२७ जुलै १९३९ ला इंग्लंडच्या बॅनबरी गावातून एक नवं लग्न झालेलं जोडपं अशाच घरात बसून निघालं. बोटीचं नाव क्रेसी. नवऱ्याचं नाव टॉम रोल्ट, बायकोचं अँजेला. लग्नाला अजून तीन आठवडेही झाले नव्हते आणि ते अँजेलाच्या घरच्यांच्या विरोधात गुपचूप झालं होतं. मुलगा गॅरेजवाला, त्यात राहणार बोटीत. कुठले आईबाप हो म्हणतील?

आज नॅरोबोटवर राहण्याचे व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं की हे काहीतरी नवीन फॅड आहे. पण इंग्लंडच्या कालव्यांवर आज ज्या हजारो बोटी फिरतायत, त्यांची गोष्ट या जोडप्यापाशी येऊन थांबते.

सगळ्यात आधी, बोट ७ फूटच का?

त्याचं उत्तर १८व्या शतकात सापडतं. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडच्या मध्य भागात कालवे खणायला घेतले. चढ-उतारावर बोट नेण्यासाठी कालव्यात 'लॉक' बांधतात. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला एक हौद असतो. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं की बोट वर येते. पाणी सोडलं की खाली जाते. ब्रिंडलीने खर्च आणि पाणी वाचवायला हे हौद जेमतेम ७ फूट रुंद आणि ७० फुटांच्या थोडे वर लांब ठेवले. मग बोटीही त्याच मापाच्या झाल्या.

या बोटी घोडा ओढायचा. कोळसा, चिनी माती, धान्य सगळं यातून जायचं. पुढे रेल्वे आली आणि धंदा बसला. खर्च परवडेना म्हणून नावाड्यांनी बायकापोरांना बोटीवरच आणलं. माल ठेवायची जागा कमी करून चालत नव्हतं, त्यामुळे अख्खं कुटुंब मागच्या १० फुटांच्या खोलीत राहायचं. चूल, बिछाना, कपाट सगळं तिथेच. आणि एवढ्याशा जागेतही भिंतींवर, बादल्यांवर गुलाब आणि किल्ल्यांची रंगीबेरंगी चित्रं. टॉमला वेड लागलं ते या लोकांचं आणि त्यांच्या या जगाचं.

इंजिनांवर प्रेम करणारा पोरगा

टॉमचा जन्म ११ फेब्रुवारी १९१० चा, चेस्टर शहरातला. घरची परिस्थिती आधी बरी होती, पण वडिलांचे गुंतवलेले पैसे बुडाले. टॉमने १६व्या वर्षी शाळा सोडली आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या 'केर स्टुअर्ट' या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. १९३० मध्ये तो कारखानाच बंद पडला.

तिथे मोठ्या पदावर असलेले काइर्ल विलन्स हे टॉमचे नातेवाईक. त्यांनी एक जुनी लाकडी नॅरोबोट घेऊन तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं होतं. हीच ती क्रेसी. टॉम तिच्यातून फिरला आणि कालव्यांच्या प्रेमात पडला. पुढे त्याने हॅम्पशायरमध्ये गॅरेज चालवलं, जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या क्लबात रमला. अँजेला त्याला भेटली ती या गॅरेजच्या दिवसांतच. पण डोक्यातून बोट काही गेली नाही. शेवटी त्याने क्रेसी विकत घेतली. तोवर तिच्यात फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन आलं होतं.

बॅनबरीला टूली कुटुंबाचा बोटी दुरुस्त करायचा जुना कारखाना होता. टॉमने बोट तिथे नेली आणि तिचं घर करायला घेतलं.

बोटीवर राहायचं म्हणजे काय करायचं?

टॉम आणि अँजेलाला जे शिकावं लागलं, ते आजही नॅरोबोट घेणाऱ्याला शिकावं लागतं.

पहिली गोष्ट पाणी. कालव्याच्या मधोमध असूनही प्यायला पाणी नसतं. टाकी भरून घ्यायची आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायची. संडासाचं तसंच, भरलं की नेऊन रिकामं करायचं. हा भाग इन्स्टाग्रामवर दिसत नाही. थंडीत शेगडी विझू द्यायची नाही, त्यामुळे कोळसा संपायच्या आत आणायचा.

दुसरी गोष्ट वेग. क्रेसी ताशी तीनेक मैल चालायची, म्हणजे माणसाच्या चालीने. आजही या कालव्यांवर मर्यादा ताशी ४ मैलांचीच आहे. जोरात गेलं की लाटेने काठाची माती ढासळते आणि काठाला बांधलेल्या दुसऱ्या बोटी दोरासकट हिसकतात. बांधलेली बोट दिसली की इंजिन मंद करायचं, हा तिथला शिष्टाचार. वळवायची पद्धतही उलटी आहे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. नवशिके इथेच काठाला धडकतात.

आणि लॉक. त्याची खिडकी उघडायला एक लोखंडी हँडल लागतं, ते पाण्यात पडलं तर प्रवास तिथेच थांबला. उतरताना बोट हौदात पुढे ठेवायची, कारण मागच्या दरवाजाच्या तळाशी दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं, तर पुढचं टोक खाली जातं आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. त्यामुळे एकाने सुकाणूवर आणि एकाने काठावर असं दोघांनी एकमेकांवर नजर ठेवून काम करायचं. नवीन लग्न झालेल्यांसाठी ही चांगलीच परीक्षा म्हणायची.

पहिल्याच प्रवासात महायुद्ध

प्रवास सुरू होऊन सव्वा महिना होत नाही तोच ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. हनिमून तिथेच संपला. टॉमला क्रू शहरात रोल्स-रॉइसच्या कारखान्यात काम मिळालं, विमानांची इंजिनं बनवायचं. क्रेसी जवळच्या चर्च मिन्शल गावात बांधली. कारखान्यातलं ते काम टॉमला अजिबात रुचलं नाही. पुढे त्याने दुसऱ्या नोकऱ्या धरल्या आणि प्रत्येक वेळी घर सोबत नेलं. हा बोटीचा खरा फायदा.

१९४१ पासून सुमारे पाच वर्षं क्रेसी टार्डेबिग या ठिकाणी होती. तिथे ओळीने ३० लॉक आहेत, ब्रिटनमधली सगळ्यात मोठी रांग. युद्धाच्या धामधुमीत दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात लिखाण असं चाललं होतं. पहिल्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक कितीतरी प्रकाशकांनी नाकारलं होतं. शेवटी डिसेंबर १९४४ मध्ये 'नॅरो बोट' छापून आलं. युद्धाला कंटाळलेल्या लोकांनी ते उचलून धरलं. वाचकांच्या पत्रांचा ढीग बोटीवर यायला लागला.

त्यातलं एक पत्र रॉबर्ट एकमन याचं होतं. लंडनचा साहित्यप्रेमी माणूस, बोलण्यात वाकबगार. १९४५ च्या उन्हाळ्यात तो टार्डेबिगला येऊन टॉमला भेटला आणि १९४६ मध्ये दोघांनी काही साथीदारांसोबत 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' ही संघटना काढली. एकमन अध्यक्ष, टॉम मानद सचिव. लंडनमधल्या एकमनच्या फ्लॅटवर ऑफिस, आणि सचिवाचा पत्ता मात्र बोट.

रेल्वेचा पूल उचलायला लावला

तेव्हा अनेक कालवे रेल्वे कंपन्यांच्या मालकीचे होते आणि त्यांना ते नकोच होते. बर्मिंगहॅमजवळच्या स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड इथे उचलायचा पूल होता. तो मोडल्यावर ग्रेट वेस्टर्न रेल्वेने त्या जागी इतका ठेंगणा पूल टाकला की बोट खालून जाईना. कालवा कागदावर चालू, प्रत्यक्षात बंद!

पण कायद्याने त्या कालव्यातून जायचा हक्क शाबूत होता. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळालं की कुणी आगाऊ कळवलं तर पूल उचलून देऊ. कुणी कळवणार नाही, असा बहुधा हिशेब असावा. टॉमने कळवलं.

मे १९४७ मध्ये गाळ, गवत आणि कचऱ्यातून रखडत क्रेसी तिथे पोहोचली. रेल्वेच्या माणसांना जॅक लावून पूल वर करावा लागला आणि बोट खालून सरकली. पेपरवाले हजर होतेच. त्यानंतर आणखी बोटी तीच मागणी घेऊन आल्या. ठरवून केलेल्या या एका प्रवासाने जे झालं, ते शंभर अर्जांनी झालं नसतं.

टॉमचं आणखी एक जुनं स्वप्न होतं, वेल्समधला पोंटकसिल्टे जलसेतू. १८०५ मध्ये पूर्ण झालेला हा सेतू म्हणजे नदीच्या १२६ फूट वरून जाणारा लोखंडी हौद, आणि त्याच्या एका बाजूला कठडाच नाही. बोटीतून खाली बघितलं तर थेट दरी. हा कालवा १९४४ च्या कायद्याने वाहतुकीसाठी बंद झाला होता, फक्त पाणी वाहून न्यायला टिकला होता. तरीही टॉम आणि अँजेलाने शेवटी क्रेसी त्यावरून नेलीच.

आणि मग सगळंच फुटलं

भांडण तत्त्वाचं होतं. एकमनचं म्हणणं, कालव्याचा प्रत्येक मैल वाचवायचा, सगळ्या कामांसाठी आणि सगळ्या लोकांसाठी. टॉमचं म्हणणं, आधी ते कालवे वाचवा ज्यांवर नावाडी अजून माल वाहतायत, कारण ती माणसं गेली तर उरेल ते फक्त पाणी. १९५० च्या ऑगस्टमध्ये मार्केट हार्बरोला बोटींचा मोठा मेळावा भरला तेव्हा दोघांतून विस्तव जात नव्हता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला टॉमला, त्यानेच उभ्या केलेल्या संघटनेतून काढून टाकण्यात आलं.

त्याच सुमारास क्रेसीचा तळ तपासला तर लाकूड कुजलेलं निघालं. लाकडी बोट वेळोवेळी कोरड्या गोदीत घेऊन फटी बुजवाव्या लागतात, डांबर फासावं लागतं, आणि तरी एक दिवस ती संपतेच. दुरुस्ती टॉमच्या आवाक्याबाहेरची होती. बोट त्याने सोडली आणि ती पुढे लेस्टरजवळ विगस्टनला बुडून संपली. लग्नही संपलं. अँजेलाला भटकंतीच हवी होती, ती बिली स्मार्टच्या सर्कसमध्ये गेली. बारा वर्षांचं घर, संसार आणि संघटना, सगळं काही महिन्यांत गेलं.

टॉम मात्र रिकामा बसला नाही. १९५१ मध्ये वेल्सची तालिलिन रेल्वे त्याने आणि मित्रांनी चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. नंतर त्याने दुसरं लग्न केलं सोनियाशी. ती मूळची नटी, युद्धात मालाच्या बोटींवर काम करायला गेलेली आणि एका नावाड्याशी लग्न करून तिथेच राहिलेली. नावाड्यांच्या बाजूने बोलली म्हणून तिलाही संघटनेने काढलं होतं. टॉमने पुढे ब्रुनेल, टेलफर्ड, स्टीफन्सन पितापुत्र यांची चरित्रं लिहिली. ग्लॉस्टरशायरमधल्या घरी राहत असताना ९ मे १९७४ ला तो गेला.

कालव्यांचं काय झालं? १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यात कालवे महिनोन्महिने गोठले आणि नॅरोबोटींची उरलीसुरली मालवाहतूक जवळपास मोडली. टॉमला भीती होती तसे नावाडी गेले. पण १९६८ च्या कायद्याने फिरायच्या बोटींसाठी कालवे राखले आणि एकमनला हवं होतं तसे एकेक बंद कालवे पुन्हा उघडत गेले. आज तिथे ३० हजारांहून जास्त बोटी आहेत. कित्येक जण वर्षभर त्यातच राहतात. ज्यांच्याकडे कायमची जागा नाही, त्यांना एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही.

टूलींचा कारखाना अजून आहे. बॅनबरीत त्याच्या भोवती आता शॉपिंग मॉल उभा आहे, आणि मॉलच्या काचांच्या मधोमध त्या जुन्या गोदीत आजही नॅरोबोटी तळ डांबरायला येतात. शेजारच्या १६४ नंबरच्या पुलाला टॉम रोल्टचं नाव दिलंय.