मलिक अंबर : एका नावाची गोष्ट

मित्रांनो, इतिहासाच्या तासाला आपण मलिक अंबर हे नाव ऐकतो. अंबर म्हणजे आकाश, असं आपल्याला वाटतं. संस्कृतात तसाच अर्थ आहे. पण हे अंबर निराळं. हा अरबी शब्द आहे.

देवमाशाच्या पोटात मेणासारखा एक पदार्थ तयार होतो. तो तरंगत तरंगत किनाऱ्याला लागतो. ताजा असताना त्याला घाण वास येतो. पण ऊन, वारा आणि खारं पाणी खाऊन तो सुगंधी होतो. अरबी लोक त्यालाच अंबर म्हणतात. अत्तरासाठी तो फार महाग विकला जाई.

हे नाव एका मुलाला कसं मिळालं, ते ऐका. आफ्रिकेतल्या हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सुमारे १५४८ साली तो जन्मला. त्याचं नाव होतं चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार करत तो बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. त्या काळी गुलामांना काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, अशी नावं देत. ऐकायला गोड, पण ती मालाची नावं होती !

पुढे तो दख्खनला आला. निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्याला विकत घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर अंबरची गुलामी सुटली.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. तेव्हा अंबर यांनी राजघराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. गनिमी काव्याने लढून त्यांनी मोगलांना जेरीस आणलं. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजेही त्यांच्या बाजूने लढले.

त्यांनी जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. १६१० साली खडकी गावी राजधानी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते, हे आम्हा यवतमाळकरांना सांगायला नको !

मलिक म्हणजे राजा किंवा सरदार. आपले मालक आणि मुलूख हे शब्दही त्याच अरबी घराण्यातले. ज्याला एकेकाळी मालक होता, तोच मलिक झाला.

१६२६ साली ते वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. चापू हे नाव मागे पडलं. अंबर हे नाव मालकाने दिलं. मलिक मात्र त्यांनी स्वतः कमावलं.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या नावाचा अर्थ आईबाबांना जरूर विचारा. नाव दुसरे ठेवतात, पण ते मोठं आपल्यालाच करावं लागतं.