विश्लेषण : फिरत्या ताऱ्यांच्या लहरी आणि चंद्रशेखर

सुब्रह्मण्यम चंद्रशेखर म्हटले की ‘चंद्रशेखर मर्यादा’ आठवते आणि १९३५ मध्ये लंडनमध्ये एडिंग्टन यांनी उडवलेली तिची खिल्लीही. लाहोरला १९१० मध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने वाद वाढवला नाही, विषय बदलला. एका विषयावर ग्रंथ लिहायचा आणि पुढे जायचे, हा शिरस्ता शिकागोत कायम राहिला. नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये.

साठच्या दशकात त्यांनी फिरणाऱ्या द्रवगोलांचे, थेट न्यूटनपासूनचे गणित हाती घेतले. ग्रंथ १९६९ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी एक अनपेक्षित निष्कर्ष. ताऱ्याचा आकार बिघडला की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या ऊर्जा नेतात, म्हणजे बिघाड शमायला हवा. पण तारा पुरेशा वेगाने फिरत असेल तर बिघाड उलट वाढतो. त्याला ऊर्जा पुरवते ते ताऱ्याचे फिरणेच! फ्रीडमन आणि शुट्झ यांनी १९७८ मध्ये हे अधिक व्यापक केले.

न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येणाऱ्या अखंड लहरींच्या शोधामागे हेही एक कारण. कृष्णविवरांच्या टकरीची लहर २०१५ मध्ये ‘लायगो’ने क्षणभर टिपली. अखंड लहर मात्र इतकी क्षीण, की महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकत्र चाळाव्या लागतात. चंद्रशेखर १९९५ मध्ये गेले. ती लहर अजून सापडलेली नाही.