४२.३४ मीटरवरच्या उषाबेन

समजा तुमच्याकडे माइक आहे, बातम्या लिहून तयार आहेत, ट्रान्समीटरही जोडलाय. आता सांगा, अँटेनाची तार बांधणार कुठे? उंच बांधली तर आवाज लांब जाईल. पण तीच तार खालून जाणाऱ्या पोलिसालाही दिसेल.

मुंबईत १९४२ मध्ये चोरून रेडिओ स्टेशन चालवायचं म्हणजे हा पेच आलाच. चालवणाऱ्यांत होत्या उषा मेहता. वय फक्त २२, म्हणजे आपल्याच वयाच्या. २०२४ मध्ये आलेला 'ऐ वतन मेरे वतन' हा सिनेमा पाहिला असेल, तर त्या तुम्हाला माहीत असतीलच.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील ब्रिटिशांच्या नोकरीत न्यायाधीश, आणि मुलगी आठव्या वर्षीच सायमन कमिशनविरुद्ध घोषणा देत रस्त्यावर! पुढे कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायदा शिकू लागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली, नेते एका रात्रीत तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. उषाबेननी शिक्षण सोडलं आणि सहकाऱ्यांसोबत काँग्रेस रेडिओ उभा केला.

२७ ऑगस्टला तो सुरू झाला. घोषणेत जागेचं नाव नसायचं, तरंगलांबी मात्र सांगायचे : ४२.३४ मीटर. चिमूर-आष्टीत लोकांवर काय अत्याचार झाले, हे या रेडिओने देशाला सांगितलं.

आता हा आकडा नीट बघा. अँटेनाचं सगळं गणित त्यातच आहे. साध्या डायपोल अँटेनाची तार तरंगलांबीच्या निम्मी लागते, म्हणजे २१ मीटर. प्रत्यक्षात साधारण ५ टक्के कमी धरायची, म्हणजे २० मीटरच्या आसपास. १०-१० मीटरचे दोन हात आणि मधोमध केबल. आता एवढी लांब तार गिरगावातल्या दाटीत लपवायची कुठे? त्यात पोलिसांच्या गाड्या यंत्रं घेऊन लहरींचा माग काढत फिरत होत्या. म्हणून उषाबेन आणि मंडळी दर थोड्या दिवसांनी जागा बदलायची. नवी जागा म्हणजे पुन्हा सगळी जोडणी आलीच.

१२ नोव्हेंबर १९४२. सहकारी पकडले जातायत हे उषाबेनना कळलं होतं. तरी त्या संध्याकाळी गिरगावच्या पारेखवाडीत गेल्या आणि कार्यक्रम सुरू केला. त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना पत्ता दिला होता. दार फोडून पोलीस आत आले. 'वंदे मातरम्' बंद करा म्हणाले, उषाबेननी केलं नाही. पुढे कित्येक महिने चौकशी चालली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात तब्येत पार ढासळली. १९४६ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींच्या विचारांवर पीएचडी केली आणि त्या पुढे अनेक वर्षं शिकवत राहिल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.

आता गंमत ऐका. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे 'हॅम' मंडळींना, भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलात, तर नाशिकमध्ये घरच्या गच्चीवर जवळपास तीच तार बांधता येईल. मात्र गाणी, बातम्या लावायच्या नाहीत. बोलायचं ते दुसऱ्या हॅमशीच.

उंची किती ठेवायची? १० मीटर, म्हणजे साडेतीन मजले, असली तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जाऊन परत येतात. मुंबई-पुणे-नागपूर गाठायला हे उत्तम. २१ मीटर, म्हणजे सात मजले, मिळाले तर लहरी आडव्या निघतात आणि खूप लांब पोचतात. केबल मात्र लागेल तेवढीच घ्या. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ केबल साधारण पाव शक्ती खाते, म्हणजे उंचीसाठी तेवढी सोसायला हरकत नाही. पण १४५ मेगाहर्ट्झवर तीच केबल निम्म्याहून जास्त गिळते. तिथे जाड केबलच हवी. आणि विजेच्या तारांपासून अँटेना लांब ठेवा, यात तडजोड नको.

बाकी उंची बिनधास्त निवडा. कुणी पाहील ही भीती तुम्हाला नाही. ती तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून तुमच्याच वयाच्या एका मुलीने चार वर्षांची शिक्षा पत्करली होती.