मौलाना आणि नगरच्या किल्ल्यातल्या चिमण्या

खाऱ्या पाण्याच्या टँकचा नाद असलेला एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल, तर त्याचा पडलेला चेहरा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. पॉकेटमनी साठवून त्याने पिवळाधमक बटरफ्लायफिश आणलेला असतो. पाणी बरोबर, मिठाचं प्रमाण बरोबर, तापमान बरोबर. आणि मासा खातच नाही. दाणे त्याच्या तोंडासमोरून तळाला जातात. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मित्र काचेला नाक लावून बसतो आणि आणखी दाणे टाकतो. पाणी खराब व्हायला लागतं आणि मासा दगडामागून हलत नाही.

यात माशाची काही चूक नसते. समुद्रात तो प्रवाळावरचे बारीक जीव टिपून खायचा. डबीतले गोल दाणे हे अन्न आहे, हे त्याला कळायचं तरी कसं? त्यात पिशवीतला प्रवास, डोक्यावर झगझगीत दिवा आणि काचेबाहेर एक अवाढव्य डोळा. घाबरलेला जीव खात नाही. म्हणून जाणकार लोक आधी दिवा मंद करतात, लपायला जागा देतात, ओळखीचं वाटेल असं हलतं अन्न, म्हणजे जिवंत आर्टेमिया, अगदी थोडं सोडतात. आणि मग सगळ्यात अवघड काम करतात. बाजूला होतात.

हे बाजूला होण्याचं काम एका माणसाने आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात ८० वर्षांपूर्वी फार मन लावून केलं. तिथे टँक नव्हता, मासाही नव्हता. चिमण्या होत्या. आणि कैदेत कोण म्हणाल, तर तो माणूसच.

मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलंय. देशाचे पहिले शिक्षणमंत्री. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, हा राष्ट्रीय शिक्षण दिन. तुमच्या कॉलेजला अनुदान देणारी यूजीसी त्यांच्याच काळातली, खरगपूरची पहिली आयआयटीही. १९९२ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. एवढं पाठ केलं की दोन मार्क पक्के. पण या यादीतून माणूस दिसत नाही.

माणूस असा होता. जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील मोठे धर्मपंडित, आई अरब. पुढे कुटुंब कलकत्त्याला आलं. मुलाला शाळेत घातलंच नाही. फारसी, अरबी, तर्कशास्त्र, सगळं घरी. शाळेचं तोंड न पाहिलेला हा मुलगा पुढे देशाचा शिक्षणमंत्री होणार होता, हा योगायोग मला फार आवडतो. १९१२ मध्ये त्यांनी अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक काढलं आणि इंग्रज सरकारच्या डोळ्यात ते खुपायला लागलं. १९२३ मध्ये, पस्तिशीतच, ते काँग्रेसच्या दिल्लीतल्या खास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये पुन्हा अध्यक्षपद आलं. स्वभाव मात्र गर्दीचा नाही. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा, तोही चिनी, दुधाशिवाय, आणि एकट्याने पीत बसायचं. चहात दूध घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. आपण सगळे त्यात आलो.

३ ऑगस्ट १९४२ ला ते कलकत्त्याहून मुंबईला निघाले. पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत निरोप द्यायला आल्या. त्या आधीच आजारी होत्या. तक्रार नाही, आग्रह नाही, फक्त निरोपाचा एक शब्द. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे सगळ्यांना उचललं. खास गाडी मुंबईहून निघाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बाकीची कार्यकारिणी दुपारी नगरच्या स्टेशनवर उतरली आणि तिथून थेट किल्ल्यात. नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, डॉ. सय्यद महमूद आणि इतर.

भिंगारच्या बाजूचा हा किल्ला तुम्ही बाहेरून तरी पाहिलाच असेल. सोळाव्या शतकातला निजामशाही किल्ला, भोवती खंदक, चाँदबीबीची लढाई. नेहरूंनी १९४४ मध्ये इथेच डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं, त्यामुळे लोक येतात ते नेहरूंची खोली बघायला. मौलानांची खोलीही तिथलीच. हा त्यांचा सहावा तुरुंगवास. आल्या आल्या त्यांनी हिशेब मांडला होता, की आजवरच्या आयुष्याचा सातवा हिस्सा तुरुंगात गेलाय. जेलच्या सुपरिटेंडेंटला त्यांनी किल्ल्याच्या इतिहासातलं एक नाव चिकटवून टाकलं होतं, चीता खान. मग सगळेच त्याला तसं म्हणायला लागले.

आता चिमण्या. छत जुनं, लाकडी तुळयांचं, आणि तुळयांच्या फटीफटीत घरटी. दिवसभर चिवचिवाट, वरून काड्या, पिसं, कचरा. टेबलावर, कागदांवर, सगळीकडे. लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट शेजार नाही. मौलानांनी आधी युद्ध पुकारलं. छत्री घेतली, मग लांब बांबू घेतला, खोलीभर धावाधाव केली, शत्रूला हुसकावलं. विजयी होऊन बसले, तर थोड्याच वेळात शत्रू पुन्हा तुळईवर हजर. देशभर इंग्रजांना चले जाव म्हणणाऱ्या पक्षाचा अध्यक्ष एका खोलीतून चिमण्यांना घालवू शकत नव्हता. ही गंमत त्यांच्या स्वतःच्या लक्षात आली नसेल असं वाटत नाही, कारण ही सगळी लढाई त्यांनी पुढे एखाद्या महायुद्धाचा वृत्तांत द्यावा तशा थाटात लिहून ठेवली.

शेवटी तह केला. एक झाडू मागवला आणि पडेल तो कचरा दिवसातून दोन-चार वेळा स्वतःच काढायचा असं ठरवलं. खरी गोष्ट इथे सुरू होते. एकाच खोलीत राहायचं आणि परक्यासारखं राहायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी स्वयंपाकघरातून कच्चे तांदूळ मागवले, समोरच्या सतरंजीवर थोडे टाकले आणि स्वतः सोफ्यावर अगदी निश्चल बसले.

चिमण्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग एक आली, ती सरळ नाही, तिरकी-तिरकी. मान वाकडी करून दाण्यांकडे बघितलं, मग माणसाकडे बघितलं. तुम्ही नवा मासा बघितला असेल तर हे तुम्हाला लगेच ओळखता येईल. भूक पुढे ढकलते, भीती मागे ओढते आणि मधल्या मधे तो जीव घोटाळत राहतो. अशा वेळी बघणाऱ्याने हात हलवला, खाकरला, कौतुकाने पुढे वाकला, की सगळं मुसळ केरात. मौलाना हलले नाहीत. एकीने दाणा टिपला. एक खातेय म्हटल्यावर दुसरी आली, मग तिसरी. टँकवाले नेमकी हीच युक्ती वापरतात: खाणारा एखादा गरीब स्वभावाचा मासा सोबत ठेवतात, म्हणजे त्याचं बघून नवा धीर करतो.

पुढचा भाग सावकाश वाचा, कारण तो मौलानांनीही सावकाश केला. तांदूळ आता सतरंजीवर न टाकता एका डब्याच्या झाकणात ठेवायला लागले. झाकण आधी लांब. चिमण्या त्याला सरावल्या की थोडं अलीकडे. पुन्हा सरावल्या की आणखी अलीकडे. पायांपाशी, मग थेट सोफ्यावर, शेजारी. प्रत्येक वेळी अंतर थोडंच कमी केलं, आणि प्रत्येक वेळी पाखरांचं बिचकणं आणि परतणं होऊ दिलं. शेवटी झाकण बाजूला गेलं आणि तांदूळ तळहातावर आले. पाखरं तळहातावर बसून खायला लागली, चोच मधूनच हाताला लागायची.

आपला मित्र नेमका इथे गडबड करतो. जिवंत आर्टेमियावरून गोठवलेल्या अन्नावर आणि तिथून दाण्यांवर यायला दिवसच्या दिवस लागतात. तो ते एका रविवारी उरकायला बघतो. मासा उपाशी राहील या धास्तीने जास्त टाकतो, आणि न खाल्लेलं अन्न पाण्यात सडून माशाला उपासाआधी मारतं. मौलानांचा फायदा एवढाच, की त्यांच्याकडे वेळच वेळ होता. सरकारने तो सक्तीने दिला होता.

ओळख वाढली तशी नावं पडली. छाती काढून चालणारा, इतरांना ढकलून पुढे घुसणारा एक दांडगा चिमणा होता, तो मुल्ला. बेधडक, कशाची पर्वा नसलेला तो कलंदर. एक किडकिडीत, गप्प, आपल्यातच हरवलेला, तो सूफी. आणि एक देखणी चिमणी, मोती. स्वतः मौलवींच्या घराण्यात वाढलेल्या माणसाने भांडखोर चिमण्याला मुल्ला म्हणावं, यातला मिस्कीलपणा सुटू देऊ नका.

मोतीचं एक पिल्लू घरट्यातून खाली आलं होतं. पंख फुटले होते, पण ते उडेना. अंग टाकून, डोळे मिटून पडून राहायचं. मोती यायची, त्याच्या चोचीत घास द्यायची, भोवती फिरायची, उडून दाखवायची. ते ढिम्म. बघणाऱ्याला वाटावं, हे आता जगत नाही. आणि एक दिवस अचानक त्याने अंग झटकलं, पंख उघडले आणि उडालं. घास रोजचाच होता, पंखही होतेच. आतून काय जागं झालं, यावर मौलानांनी पानंच्या पानं विचार केलाय. हे सगळं त्यांनी मार्च १९४३ च्या मध्यावर लिहिलं, आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रांच्या रूपात. पत्रं टाकायची सोय नव्हती. ती फाइलीत साठत गेली आणि १९४६ मध्ये गुबार-ए-खातिर या नावाने पुस्तक झालं. उर्दू गद्यातलं हे फार मानाचं पुस्तक.

आता तारखांकडे बघा. तोवर घरून आजाराच्या बातम्या यायला लागल्या होत्या. चिमण्यांची पत्रं लिहून आठवडा होतो न होतो तोच, २३ मार्चला, झुलेखा बेगमची प्रकृती गंभीर असल्याची तार आली. चीता खानने सुचवून पाहिलं, की सरकारकडे काही मागणं असेल तर मी पोचवतो. नेहरूही बोलले. मौलानांचं उत्तर एकच, या सरकारकडे मला काहीही मागायचं नाही. रोजची वेळापत्रकं त्यांनी ढळू दिली नाहीत. पहाटेचा चहा त्याच वेळी, जेवणाच्या टेबलावर त्याच वेळी, चेहरा तोच. रोजचं वर्तमानपत्र घेऊन चीता खान यायचा तेव्हा जागेवरून उठायचंसुद्धा नाही, जणू घाई कसलीच नाही. हे नाटक होतं, आणि ते नाटक असल्याचं त्यांनी नंतर स्वतःच लिहून टाकलं.

एक गोष्ट मात्र नाटकाला जुमानेना. भूक. ती जवळजवळ मेली. ताटावर बसायचं आणि पाण्याच्या घोटाबरोबर चार घास खाली ढकलायचे. महिनाभरापूर्वी भित्र्या पाखरांना एकेक दाणा खायला शिकवणारा माणूस आता स्वतः खाऊ शकत नव्हता, आणि त्याच्या पुढे झाकण सरकवायला कोणी नव्हतं. सोबती होते, चांगले होते, पण त्या माणसाने कोणाला तेवढं जवळ येऊ दिलंच नसतं.

९ एप्रिल १९४३ ला झुलेखा बेगम कलकत्त्यात गेल्या. ३६ वर्षांचा संसार. कैद्यांच्या आवारात कोणाची कोण जाणे, एक जुनी कबर होती. आठ महिने ती रोज नजरेसमोर होती. त्या दिवसापासून तिच्याशी एक वेगळंच नातं जडल्यासारखं झालं, असं त्यांनी नोंदवलंय. तीन महिन्यांनी भोपाळहून बहीण गेल्याची बातमी आली.

अटक झाली तेव्हा त्यांचं वजन १७० पौंड होतं. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना नगरहून बंगालमध्ये बांकुड्याला हलवलं, तेव्हा १३०. म्हणजे किल्ल्यात साधारण १८ किलो कमी झाले.

जूनमध्ये सुटका झाली. हावडा स्टेशनवर अलोट गर्दी, जयघोष, मोटार हारांनी भरलेली. त्यांनी मोटार आधी कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. ढिगातला एक हार उचलून पत्नीच्या कबरीवर ठेवला, मनातल्या मनात फातिहा म्हटली आणि मग ते घरी गेले.