औंधचे पंडितजी

मुलामुलींनो, तुमच्या मराठीच्या पुस्तकात धडा संपला की खाली ठळक अक्षरांत एक शब्द छापलेला असतो : स्वाध्याय. तो दिसला की बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण त्याच्याखाली प्रश्न असतात, रिकाम्या जागा असतात, वाक्यात उपयोग असतो. पण क्षणभर प्रश्न बाजूला ठेवा आणि त्या शब्दाकडेच पाहा. 'स्व' म्हणजे आपण स्वतः आणि 'अध्याय' म्हणजे अध्ययन. आपला अभ्यास आपणच करणे म्हणजे स्वाध्याय. उर्दूत तुम्ही ज्याला मुताला म्हणता, त्याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे.

सातारा जिल्ह्यात औंध नावाचे गाव आहे. तेथे एका माणसाने याच शब्दाच्या नावाने एक संस्था काढली. गुरुजी नसले तरी एक अवघड भाषा कशी शिकता येईल, हे सांगणारी पुस्तके त्याने तेथून दूरदूरच्या गावी पाठवली. त्यांचे नाव पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, आणि ती भाषा म्हणजे संस्कृत.

सातवळेकरांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडीजवळच्या कोलगाव या खेड्यात झाला. घरात वेदपठणाची परंपरा होती. लहानपणी ते शास्त्रीबुवांकडे बसून जुन्या पद्धतीने संस्कृत शिकले. ही जुनी पद्धत कशी होती, ते तुम्हांला समजायला जड जाणार नाही. तुमच्यापैकी काहींनी मकतबात अरबीची गर्दान पाठ केली असेल. एकाच क्रियापदाची रूपे ओळीने, सुरात, पुन्हा पुन्हा म्हणायची. संस्कृतच्या पाठशाळेतही तसेच चाले. एका नामाच्या सात विभक्ती आणि एक संबोधन. त्या प्रत्येकाची तीन वचने, कारण अरबीप्रमाणे संस्कृतातही दोन वस्तूंसाठी वेगळे रूप असते. म्हणजे एका शब्दाची चोवीस रूपे झाली! अशी शब्दांमागून शब्दांची रूपे पाठ करायची, मग धातूंची रूपे, मग व्याकरणाचे नियम. नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, असे जुने लोक म्हणत.

या पद्धतीची थट्टा करू नका. तिने फार मोठे विद्वान घडवले. पाठांतराने भाषा जिभेवर बसते, ती म्हातारपणापर्यंत जात नाही. पण ज्याला शास्त्रीबुवा मिळाले, ज्याला बारा वर्षे मोकळी होती, त्याच्यासाठीच ती होती. शेतावर राबणाऱ्याने, दुकानात बसणाऱ्याने, घर सांभाळणाऱ्या बाईने काय करावे? पुष्कळांना तर पाठशाळेच्या दारात उभेही राहू देत नसत. दुसरा मार्ग इंग्रजी शाळेचा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६४ मध्ये संस्कृतचे पहिले पुस्तक लिहिले. ते इतके चांगले होते की पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यावरच शिकली. पण ते इंग्रजीतून लिहिलेले होते. संस्कृतच्या घरात शिरायचे तर आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागे.

सातवळेकर मात्र लगेच भाषेच्या कामाकडे वळले नाहीत. त्यांना चित्रकलेची ओढ होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि तेथे त्यांनी मेयो पदक मिळवले. १९०० च्या सुमारास ते चित्रकार म्हणून हैदराबादला गेले. तेव्हा हैदराबाद ही निजामाच्या राज्याची राजधानी होती. कचेरीची भाषा उर्दू होती, आणि राज्यातल्या लोकांच्या तोंडी तेलुगू, मराठी, कन्नड अशा भाषा होत्या. एका भाषेतून दुसरीत जाणे हा तेथल्या माणसांचा रोजचाच उद्योग होता.

चित्रांवर पोट भरत होते आणि फावल्या वेळात वेदांचा अभ्यास चालला होता. त्या अभ्यासानेच त्यांना संकटात टाकले. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात वेदांतील प्रार्थनांवर त्यांचा एक लेख छापून आला. त्या प्रार्थना हजारो वर्षांपूर्वीच्या होत्या. देवळात आणि घरात लोक त्या रोज म्हणत होते, आणि कोणत्याही सरकारला त्यांची कधी भीती वाटली नव्हती. पण त्यांचा अर्थ सरळ मराठीत सांगितला, तेव्हा इंग्रज सरकारला त्यात राजद्रोह दिसला. मासिकाचे संपादक प्राध्यापक विजापूरकर यांना तुरुंगवास झाला. सातवळेकर त्या वेळी हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत होते. तेथून त्यांना पकडून कोल्हापूरला आणण्यात आले. मला वाटते, समजलेल्या भाषेत केवढी ताकद असते, याचा अनुभव त्यांना येथे आला असावा. न समजता म्हटलेले शब्द कोणालाच अडचणीचे नसतात.

पुढे ते लाहोरला गेले. तेथे चित्रे आणि छायाचित्रे यांचा त्यांचा व्यवसाय चांगला चालला. त्या मोठ्या शहरात कलावंताला कामाची कमतरता नव्हती. तरीही १९१८ च्या सुमारास ते सगळे सोडून ते औंधला आले. वय पन्नास. या वयात माणसे चाललेला धंदा मोडून खेडेगावात येत नाहीत.

औंध तेव्हा एक छोटे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता, तो तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता. औंध आणि किन्हई आज सातारा जिल्ह्यात आहेत, तर त्याच संस्थानातली आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. लोखंडी नांगरांसाठी प्रसिद्ध झालेली किर्लोस्करवाडीही याच संस्थानात वसली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. गुणी माणूस दिसला की ते त्याला आपल्या गावी बोलावून घेत. सातवळेकरांना त्यांनी आश्रय दिला, आणि औंधात 'स्वाध्याय मंडळ' सुरू झाले. मंडळाचा स्वतःचा छापखाना झाला. 'वैदिक धर्म' हे हिंदी आणि 'पुरुषार्थ' हे मराठी मासिक तेथून निघू लागले.

याच काळात त्यांची संस्कृत शिकवणारी पुस्तके लोकांच्या हाती पडली. एकाचे नाव 'संस्कृत स्वयंशिक्षक'. दुसरी 'संस्कृत पाठमाला', तिचे चोवीस भाग. शब्दाची रूपे चोवीस आणि पाठमालेचे भागही चोवीस, हा योगायोगच म्हणायचा.

या पुस्तकांत वेगळे काय होते? स्वयंशिक्षकाचा पहिला पाठ तुम्ही उघडला, तर तेथे एकही नियम दिसणार नाही. तीन छोटे शब्द भेटतील : सः म्हणजे तो, त्वम् म्हणजे तू, अहम् म्हणजे मी. मग जाण्याच्या क्रियेची तीन रूपे : गच्छति, गच्छसि, गच्छामि. तो जातो, तू जातोस, मी जातो. त्यांच्या जोडीला कुत्र म्हणजे कोठे, तत्र म्हणजे तेथे, असे न बदलणारे शब्द. एवढे भांडवल घेऊन लगेच वाक्ये करायची. तू कोठे जातोस? मी तेथे जातो. तो जात नाही. मोजून पाहा, दहा शब्दांच्या आत किती वाक्ये होतात ती! पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला वाटते की मला संस्कृतात काहीतरी बोलता आले. चोवीस रूपांचा डोंगर तेथेच उभा असतो, पण तो अजून कोणी दाखवलेला नसतो.

व्याकरण त्यांनी टाळले नाही, थोडे पुढे ढकलले. आधी वाक्य, मग त्या वाक्यातून डोकावणारा नियम. रूपे येतात, पण हप्त्याहप्त्याने येतात. रोज थोडा वेळ द्यायचा आणि आधीचा पाठ पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, अशी शिस्त होती. नाहीतर शिकवायला कोणी नाही आणि पाया कच्चा, अशा माणसाचा गोंधळ ठरलेलाच.

सर्वांत चतुराईची गोष्ट संधीची. तुम्ही मराठीच्या व्याकरणात हिम आणि आलय मिळून हिमालय होतो, हे शिकला आहात. वर आपण पाहिलेला स्वाध्याय हाही संधीच आहे. संस्कृतात वाक्यातले शेजारचे शब्दसुद्धा असे एकमेकांत मिसळतात. तत्र आणि अहम् जवळ आले की तत्राहम् होते. नव्या माणसाला कळत नाही की एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला. तुमच्या लिपीची आठवण करा. बे हे अक्षर एकटे असताना वेगळे दिसते आणि शब्दात जोडले की त्याचा नुसता शोशा आणि नुक्ता उरतो. तुमच्या धाकट्या भावंडांना तुम्ही आधी सुटी अक्षरे दाखवता, मग जोडलेली. सातवळेकरांनी तेच केले. सुरुवातीच्या पाठांत त्यांनी शब्द सुटे ठेवले. शुद्ध संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताला अशी सुटी वाक्ये डोळ्यांना खुपली असतील. पण पुस्तक पंडितांसाठी नव्हतेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे स्वयंशिक्षक हिंदीत लिहिलेले आहे, आणि वेदांचे व महाभारताचे त्यांचे मोठे भाषांतरही हिंदीतच आहे. हिंदी ही त्यांची घरची भाषा नव्हती. कोकणात जन्मलेल्या या माणसाने ती मोठेपणी आपलीशी केली. तुम्ही घरात उर्दू बोलता आणि शाळेत मराठी लिहिता, तसेच ते मराठीत बोलत आणि हिंदीत लिहीत. परक्या भाषेत पहिले वाक्य लिहिताना पेन कसे अडते, हे त्यांना ऐकून नव्हे, स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असणार.

त्यांच्यातला चित्रकारही गेला नव्हता. वेद छापताना अक्षरांच्या खाली आडव्या आणि वर उभ्या रेघा द्याव्या लागतात, म्हणजे उच्चाराचा चढउतार कळतो. आपल्या जेर, जबर, पेश यांसारखेच समजा. एक रेघ सरकली की उच्चार चुकला. औंधसारख्या खेड्यात, जेथे रेल्वे नाही, तेथे हे बारीक काम करून घेऊन त्यांनी वेदांच्या संहिता शुद्ध छापल्या. पुस्तके टपालाने गावोगाव जात. मंडळाने पुढे संस्कृतच्या परीक्षाही घेतल्या.

या पद्धतीत उणीव नव्हती असे नाही. पुस्तक चूक ऐकत नाही. तुम्ही शब्द चुकीचा उच्चारला, तर ते पान काही मान हलवून नाही म्हणत नाही. एकट्याने शिकलेला माणूस वाचतो छान, पण बोलायला उभा राहिला की अडखळतो, असे पुष्कळदा होते. या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. तुमची दुसरी भाषा पुस्तकात बंद नाही. मिरजेच्या बाजारात, कराडच्या एस. टी. स्थानकावर ती तुमच्या कानांवर पडते, आणि चुकलात तर भाजीवाल्या मावशी हसून दुरुस्तही करतात.

१९४८ साल उजाडले. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली भागात घरे जळाली, माणसे बेघर झाली. त्याच साली औंध संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. सातवळेकरांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. तीस वर्षांत उभे केलेले काम उचलून ते गुजरातमधील पारडी या गावी गेले आणि तेथे स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले. ज्या वयात आजोबा अंगणात खाट टाकून बसतात, त्या वयात ते मुद्रिते तपासत होते.

पारडीत त्यांनी आणखी वीस वर्षे काम केले. १९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, पारडीतच त्यांचे निधन झाले.

'संस्कृत स्वयंशिक्षक' आजही छापले जाते. जाड पुस्तक आहे. एखाद्या ग्रंथालयात ते दिसले तर पहिला पाठ उघडून पाहा. देवनागरी तुम्हांला येतेच. तेथे तो, तू आणि मी अजूनही कोठेतरी निघालेले दिसतील.